जैविक अस्त्रांचा इतिहास अभ्यासायचाय? सुरुवात कुठून करायची, काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं

ज्यांना हा विषय मनापासून अभ्यासायचाय त्यांनी पुस्तकांची यादी मागायच्या आधी एक जाड वही घ्या, पान उघडा आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहायचं की काय घडलं आणि कधी. उजवीकडे लिहायचं की ते लोकांना कळलं कधी आणि कुणामुळे कळलं. पुढे जे काही वाचाल ते या दोन रकान्यांत बसवत जा, कारण या दोन तारखांमध्ये जे अंतर पडतं ना, तोच या विषयाचा गाभा आहे.

उदाहरणं देते म्हणजे लक्षात येईल. १९५० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याजवळून, तेव्हा निरुपद्रवी समजले जाणारे जंतू शहराच्या दिशेने फवारून चाचणी घेतली, शहरातल्या माणसांना पत्ताच नव्हता, बातमी फुटली १९७६ मध्ये आणि सिनेटपुढे सुनावणी झाली १९७७ मध्ये. अंतर सव्वीस वर्षं. सोव्हिएत युनियनने जैविक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या १९७२ च्या करारावर सही केली, इतकंच नाही तर करार सांभाळणाऱ्या तीन देशांपैकी ते एक होते, आणि त्यानंतर लगेच एक-दोन वर्षांत बायोप्रेपराट नावाची संस्था उभी केली, वरून औषधं-लसींची आणि आतून शस्त्रांची. आतला मोठा माणूस बाहेर आला तो १९८९ मध्ये, व्लादिमीर पासेच्निक, पॅरिसला गेला आणि तिथून ब्रिटनच्या आश्रयाला. ब्रिटनचं ग्रुइनार्ड बेट घ्या, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळचं, १९४२ मध्ये तिथे मेंढ्या बांधून अँथ्रॅक्सची (गुरांचा फाशी रोग तो हाच) चाचणी केली आणि ते बेट सुरक्षित असल्याचं जाहीर व्हायला १९९० उजाडलं. इथे तर मी तिसरा रकाना पाडते, निस्तरायला किती वर्षं लागली त्याचा.

आता हे अंतर एवढं महत्त्वाचं का. तर १९७२ च्या कराराला तपासनीसच नाहीत. रासायनिक अस्त्रांसाठी हेगमध्ये संस्था आहे, पाचशेच्या आसपास माणसं आहेत, कारखान्यांत जाऊन तपासणी करतात. जैविक अस्त्रांच्या करारासाठी जिनिव्हात एक छोटं कार्यालय, तेही २००६ मध्ये ठरलं, बोटांवर मोजण्याइतकी माणसं, आणि त्यांना कुणाच्या प्रयोगशाळेचं दार ठोठावायचा अधिकार नाही. तपासणीचा मसुदा करायला १९९५ पासून वाटाघाटी चालल्या, २००१ च्या जुलैमध्ये अमेरिकेने तो नाकारला आणि सगळं तिथेच थांबलं. म्हणजे पुढचं कुणी काही लपवलं तर ते उघडं पडणार कसं? आजवर पडलं तसंच, डॉक्टर, पत्रकार, कारकून, आतून बोलायला तयार झालेला माणूस, जुनी कागदपत्रं चाळणारे अभ्यासक यांच्यामुळे. म्हणून हा अभ्यास फक्त दिल्लीतल्या तज्ज्ञांचा आहे असं मला अजिबात वाटत नाही, तो आपल्या गोव्यात, फोंड्यात, म्हापशात, वाळपईत बसून करण्यासारखा आहे आणि करायला हवा.

आधी एक नियम

काय गोळा करायचं नाही ते पहिल्याच दिवशी ठरवा. जंतू कुठला, कसा वाढवला, कसा टिकवला, कसा पसरवला, असला मजकूर वहीत घ्यायचा नाही. जुन्या अहवालात आला तर तो परिच्छेद सोडून पुढे जा. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, भाषांतर तर मुळीच करायचं नाही. आमच्या अभ्यासगटात हे सगळ्यांना आधी सांगतो आणि का ते पण सांगतो. आपला प्रश्न आहे की हुकूम कुणी दिला, पैसा कुठल्या खात्यातून गेला, कुणाला खोटं सांगितलं, कोण गप्प बसलं, कोण बोललं आणि शेवटी बंद कसं झालं. या एकाही प्रश्नाच्या उत्तरासाठी कृती लागत नाही. एखाद्या विद्यार्थ्याचं लक्ष सारखं त्या बाजूलाच जायला लागलं तर त्याच्याशी बाजूला घेऊन मोकळेपणाने बोला, बहुतेक वेळा ती नुसती उत्सुकता असते आणि तिला चांगला प्रश्न दिला की ती वळते.

करार स्वतः वाचा, त्याच्याबद्दल नंतर

लोक कराराबद्दलचे लेख वाचतात पण करार वाचत नाहीत. १९७२ चा जैविक अस्त्र करार फक्त पंधरा कलमांचा आहे, चहा पिता पिता वाचून होतो. १० एप्रिल १९७२ ला सह्यांसाठी खुला झाला, २६ मार्च १९७५ ला लागू झाला, भारताने १९७४ मध्येच मान्यता दिली. पहिलं कलम दोनतीनदा वाचा. त्यात अमुक जंतूवर बंदी अशी यादी नाहीये. शांततेच्या, बचावाच्या, रोगप्रतिबंधाच्या कामासाठी समर्थन देता येणार नाही असा प्रकार आणि एवढं प्रमाण ठेवायचं नाही, असं ते कलम सांगतं. म्हणजे सगळं येऊन ठेपतं हेतूवर. वेर्ण्याच्या वसाहतीत औषध कंपन्या आहेत, लस किंवा औषध करायला जी टाकी लागते तशीच टाकी वाईट कामालाही लागते, टाकी बघून हेतू कळत नाही. मग हेतू कळतो कशावरून? हा प्रश्न मनात ठेवूनच पुढचं सगळं वाचायचं.

त्याच्या आधीचा १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉलपण वाचा, तो तर पान-दोन पानांचा. त्याने युद्धात वापरायला बंदी घातली पण बनवायला आणि साठवायला घातली नाही, शिवाय बऱ्याच देशांनी "समोरच्याने वापरलं तर आम्हीपण वापरू" अशी अट घालून सह्या केल्या. या फटीतूनच पुढची कित्येक दशकं सगळे कार्यक्रम वाढले. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की फट कुठली होती आणि ती कशी बुजवली ते न शिकवता कळतं.

एक प्रकरण धरा आणि त्याच्या तळाशी जा

सगळं थोडं थोडं वाचण्यात अर्थ नाही. एक प्रकरण निवडा. माझं म्हणणं विचाराल तर पहिलं स्वेर्डलोव्स्कच घ्या, कारण त्यात सगळंच आहे, गळती, खोटेपणा, धाडस, तज्ज्ञांची चूक आणि ती चूक दुरुस्त करणं.

१९७९ चा एप्रिल. उरल डोंगराजवळचं हे मोठं शहर, आता येकातेरिनबर्ग म्हणतात. तिथे लष्कराचं कंपाउंड १९ नावाचं आवार होतं. अचानक माणसं तापाने दवाखान्यात यायला लागली आणि पटापट दगावली, किमान ६६ जण गेले. सरकारने सांगितलं की रोगट गुरांचं मांस खाल्ल्यामुळे अँथ्रॅक्स झाला, काळ्या बाजारातलं मांस. गुरांना हा रोग होतोच, त्यामुळे ऐकायला अगदी पटण्यासारखं. अमेरिकेने १९८० मध्ये संशय व्यक्त केला पण हातात पक्कं काही नव्हतं. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन, जे स्वतः जैविक अस्त्रांच्या विरोधात कित्येक वर्षं झटले, त्यांनाही १९८८ मध्ये सोव्हिएत डॉक्टरांचं मांसाचं स्पष्टीकरण पटण्यासारखं वाटलं होतं. हे वहीत ठळक लिहा. हुशार, प्रामाणिक, अनुभवी माणूससुद्धा जागेवर जाता येत नसेल तर फसू शकतो.

मग काय झालं? फाइना अब्रामोव्हा आणि लेव्ह ग्रिनबर्ग हे तिथलेच दोन पॅथॉलॉजिस्ट. शवविच्छेदन त्यांनीच केलेलं. सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीने दवाखान्याचे कागद उचलून नेले पण या दोघांनी ऊतींचे नमुने आणि स्वतःच्या नोंदी सांभाळून ठेवल्या, किती वर्षं, तेरा. त्या काळात तिथे ही गोष्ट काय असेल याचा विचार करा. १९९३ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि त्यात दिसलं की रोग श्वासातून फुप्फुसाच्या बाजूला गेलाय, पोटातून नाही. मांसाची कथा तिथेच पडली. त्याच्या आधी १९९२ मध्ये रशियाचा अध्यक्ष येल्त्सिनने लष्कराकडे बोट दाखवलं होतं, आणि योगायोग असा की १९७९ मध्ये त्या प्रांताचा पक्षप्रमुख तोच होता.

१९९२ मध्येच मेसेल्सन आपलं पथक घेऊन तिथे गेले. त्यांच्यासोबत जीन गिलेमन या समाजशास्त्रज्ञ होत्या आणि मला या सगळ्यात त्यांचं काम सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. मृतांची नावं-पत्ते असलेली एक सरकारी यादी मिळाली, ती घेऊन त्या घरोघरी गेल्या, स्मशानात जाऊन थडग्यांवरच्या तारखा बघितल्या, आणि घरच्यांना एकच साधा प्रश्न, त्या आठवड्यात दिवसा ते कुठे होते, कामावर कुठे, घरी कुठे. ते ठिपके नकाशावर टाकले. ठिपके पडले एका अरुंद पट्ट्यात, लष्करी आवारापासून शहराच्या दक्षिण टोकापर्यंत. मग जुन्या हवामान नोंदी काढल्या आणि २ एप्रिल १९७९ च्या सोमवारी वारा नेमका त्याच दिशेने वाहत होता. त्याच रेषेवर पुढे पन्नास किलोमीटरपर्यंतच्या गावांत मेंढ्या-गाई मेल्या होत्या. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता तुम्ही काय करायचं, तर हा नकाशा स्वतः हाताने काढून बघा. कागदावर आवार, पट्टा, गावं, वाऱ्याचा बाण. मग प्रश्न विचारा की मांस खरं कारण असतं तर ठिपके कसे पडले असते? बाजाराभोवती, विकणाऱ्याच्या गिऱ्हाइकांच्या घरी, शहरभर विखरून. एकाच घटनेच्या दोन कथा आणि प्रत्येक कथेचा नकाशा वेगळा, हे एकदा हाताला कळलं की पुढच्या कुठल्याही साथीबद्दलचा दावा वाचताना आपोआप तुम्ही विचारता की हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं होतं. आमच्याकडे नर्सिंगच्या मुलींनी हा नकाशा काढला तेव्हा जी चर्चा झाली तशी कुठल्या भाषणाने झाली नसती.

खोटा आरोपही तेवढ्याच बारकाईने अभ्यासा

इथे बरेच जण कमी पडतात. लपवलेला कार्यक्रम सापडला नाही तर धोका असतो हे सगळ्यांना कळतं, पण नसलेला कार्यक्रम "सापडला" तरी तेवढंच नुकसान होतं हे लक्षात येत नाही. त्यासाठी इराक घ्या, एकाच देशात दोन्ही धडे.

पहिला भाग १९९१ ते १९९६. आखाती युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस, अनस्कॉम, इराकमध्ये होते. इराक म्हणत होतं की आमचा शस्त्रांचा जैविक कार्यक्रम नव्हताच. अल हकम नावाचा मोठा कारखाना होता, जनावरांचं खाद्य आणि कीडनाशकाचा म्हणून दाखवलेला. तपासनीसांना तिथे बॉम्ब सापडला नाही, सापडलं ते आयातीच्या कागदांत. जंतू वाढवायला लागणारं माध्यम इराकने १९८८ मध्ये टनांनी मागवलं होतं, सुमारे ३९ टन, आणि दवाखान्यांची गरज वर्षाला काही शे किलोचीसुद्धा नव्हती. विकणाऱ्या देशांकडून बिलं मागवली, आलेला माल आणि वापरलेला माल ताडून बघितला, हिशोब लागेना. किती टन कुठे गेलं या एका प्रश्नावर अडून बसले आणि १ जुलै १९९५ ला इराकने कबूल केलं. ऑगस्टमध्ये सद्दामचा जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाला आणि मग उरलेलंही बाहेर आलं. १९९६ मध्ये अल हकम पाडला. हा भाग वाचताना एखादी गृहिणी किंवा दुकानदार लगेच समजतो, विद्यार्थ्याला वेळ लागतो.

दुसरा भाग २००३. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत चित्रं दाखवून सांगतात की इराककडे ट्रकवर फिरत्या जैविक प्रयोगशाळा आहेत. आधार मुख्यतः एका माणसाचा, सांकेतिक नाव कर्व्हबॉल, जर्मनीत आश्रय मागणारा इराकी इंजिनियर, अमेरिकेच्या लोकांना त्याची नीट थेट चौकशीच करायला मिळाली नव्हती. युद्ध झालं. २००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाचा अहवाल आला, त्यात तसला चालू कार्यक्रम सापडला नाही. २०११ मध्ये त्या माणसाने स्वतः सांगितलं की मी खोटं बोललो.

दोन्ही भाग शेजारी लिहा आणि पुराव्याची जात बघा. १९९५ मध्ये वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या कंपन्यांची, एकमेकांशी संबंध नसलेली कागदपत्रं एकच गोष्ट सांगत होती. २००३ मध्ये एका तोंडातून निघालेली गोष्ट दहा कागदांवर छापली गेली आणि दहा पुरावे वाटायला लागली. माझ्या मते या अख्ख्या विषयात एवढी एक गोष्ट शिकलात तरी वेळ सार्थकी लागला.

वेळ असेल तर "पिवळा पाऊस" पण बघा. १९८१ मध्ये अमेरिकेने आरोप केला की लाओस आणि कंबोडियात विष फवारलं जातंय, पानांवरचे पिवळे ठिपके हा पुरावा, नंतर शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते ठिपके मधमाश्यांच्या विष्ठेचे आहेत, परागकणांनी भरलेले, रानातल्या माश्यांचा थवा एकत्र बाहेर पडून करतो तसे.

माणसं कुठे चुकली ते बघायला

जपानचं युनिट ७३१ आणि दक्षिण आफ्रिकेचं प्रोजेक्ट कोस्ट ही दोन प्रकरणं मी मुद्दाम नंतर ठेवते. ती मनाला फार त्रास देतात, आणि सुरुवातीलाच घेतली तर वाचणारा एकतर थांबतो किंवा नुसत्या भयानक वर्णनात अडकतो.

युनिट ७३१ हार्बिनजवळ पिंगफांगला होतं, प्रमुख शिरो इशी, पेशाने लष्करी डॉक्टर. जिवंत माणसांवर प्रयोग केले, हजारो माणसं मारली, चीनच्या शहरांवर प्लेगच्या पिसवा टाकल्या, १९४० मध्ये निंगबोवर टाकल्याचं प्रकरण तर नीट नोंदलेलं आहे. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनमध्ये जखमींवर उपचार करत होते ती हीच वर्षं, एकाच युद्धात दोन डॉक्टर काय करत होते हे विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि थोडा वेळ गप्प बसा. पण अभ्यासाचा प्रश्न पुढचा आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात इशी आणि त्याच्या माणसांना खटल्यापासून सोडलं. सोव्हिएतांनी १९४९ च्या डिसेंबरमध्ये खाबारोव्स्कला बारा जणांवर खटला चालवला, तर पश्चिमेत तो प्रचार म्हणून झटकून टाकला गेला, सांगणारा कोण आहे ते बघून सांगितलेलं नाकारलं. २००२ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने जैविक युद्ध झाल्याचं मान्य केलं, भरपाई मात्र नाकारली.

प्रोजेक्ट कोस्ट १९८१ मध्ये सुरू झालं, वर्णद्वेषी सरकारच्या काळात, प्रमुख वाउटर बासन, हासुद्धा डॉक्टर. १९९८ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगापुढे साक्षी झाल्या आणि त्यांचे शब्दशः कागद इंटरनेटवर फुकट आहेत. शास्त्रज्ञ स्वतःच्या तोंडाने सांगतात की कंपनी खाजगी वाटायची, पगार चांगला होता, कोणी विचारत नव्हतं, मी माझ्यापुरतं काम केलं. २००२ मध्ये न्यायालयातून बासन सुटला पण २०१३ मध्ये वैद्यकीय परिषदेने त्याला व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवलं, ती कारवाई मात्र पुढे न्यायालयात टिकली नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) शिकणाऱ्या मुलांनी या साक्षी वाचाव्यात असं मला फार वाटतं. चारजणांनी मिळून वाचा, एकाने प्रश्न, एकाने उत्तर असं मोठ्याने, आणि प्रत्येक साक्षीत एक जागा शोधा जिथे तो माणूस नाही म्हणू शकला असता.

आणि कार्यक्रम बंद कसे पडले तेपण वाचा, नाहीतर वाटतं सगळं अंधारच आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी २५ नोव्हेंबर १९६९ ला अमेरिकेचा हल्ल्यासाठीचा जैविक कार्यक्रम बंद केला, कुणी हरवून नाही, स्वतःहून. त्यामागे सरकारातला आढावा होता, शास्त्रज्ञांचा दबाव होता, आणि लष्करालाच त्या शस्त्राचा भरवसा नव्हता. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर बेकार झालेले हजारो शास्त्रज्ञ दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून १९९४ पासून मॉस्कोतल्या एका आंतरराष्ट्रीय केंद्रातून त्यांना शांततेच्या संशोधनाचं काम दिलं. रोजगाराची ही साधी योजना, पण प्रसार रोखायला तिचा मोठा हात लागला.

आपल्याकडचं काय

भारतातला मजकूर कमी आहे असं म्हणतात, तर आधी संसदेचे कागद उघडा. सत्तरच्या दशकात दिल्लीत डासांवर संशोधन करणारं एक युनिट होतं, जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर). पैसा अमेरिकेचा. वर्तमानपत्रांत प्रश्न आले की पीतज्वराचे डास इथे कशाला हवेत, हा जैविक युद्धाचा अभ्यास तर नाही? लोकलेखा समितीने चौकशी केली, १९७५ मध्ये अहवाल दिला, प्रकल्प बंद झाला. त्याच अहवालात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा (बीएनएचएस) स्थलांतरित पक्ष्यांचा, अमेरिकी लष्कराशी जोडलेला अभ्यासही तपासला होता. शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की संशोधन चांगलं होतं आणि उगाच बुडालं, समितीचं म्हणणं होतं की परक्या लष्कराशी संबंध असताना तुम्ही विचारलं का नाही. दोन्ही बाजू वाचा, घाईने निकाल देऊ नका.

या पक्ष्यांच्या अभ्यासाचा धागा आपल्या दारात येतो. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला, विषाणू रशियाकडच्या एका विषाणूचा नातेवाईक निघाला, म्हणून गोचिडी घेऊन पक्षी आले असतील का असा प्रश्न तेव्हा आला. आज गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात हाच रोग दिसतो. "हे कुणी मुद्दाम सोडलंय का" असं कुणी विचारलं तर त्याला हसू नका, स्वेर्डलोव्स्कचा नकाशा काढायला बसवा. रुग्ण कुठले, कुठल्या महिन्यातले, जंगलात कोण जातं, माकडं कुठे मेली, गोचिडी कुठे सापडल्या. ठिपके रानाच्या आणि बागायतीच्या कडेने पडतात, हंगामाप्रमाणे वाढतात-उतरतात, आणि निसर्गाची साथ अशीच दिसते. सुरतच्या १९९४ च्या प्लेगच्या वेळीसुद्धा घातपाताच्या अफवा उठल्या होत्या, तीही साथ अशीच तपासायला घ्या.

साथीचा इतिहास थोडाफार माहीत असल्याशिवाय हे जमत नाही हेही खरं. मुंबईत १८९६ चा प्लेग पहिल्यांदा ओळखला तो डॉ. आकासियो व्हिएगश यांनी, आपले गोव्यातल्या हडफड्याचे. पुढे सरकारने घरात घुसून तपासण्या केल्या, पुण्यात रँडचा खून झाला, हे शाळेतच वाचलेलं असतं. रोगापेक्षा अविश्वास किती वेगाने पसरतो हे त्या दोन वर्षांत दिसतं.

आणि एक खटला, १९३३ चा पाकूडचा. इस्टेटीच्या वादात हावडा स्टेशनवर अमरेंद्र पांडेला टोचून प्लेगने मारलं. त्याआधी आरोपी डॉक्टरने मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जंतू मागितले होते, संस्थेने योग्य अधिकाऱ्याची परवानगी आणा असं सांगितलं, आणि मग त्याने दुसऱ्या दवाखान्याच्या ओळखीने वाट काढली. एका दाराने विचारलं आणि दुसऱ्याने विचारलं नाही. आजचे कायदे यासाठीच आहेत, अशी अस्त्रं सरकारबाहेरच्या लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून सुरक्षा परिषदेचा २००४ चा ठराव १५४०, आपला २००५ चा सामूहिक संहाराच्या अस्त्रांबाबतचा कायदा, २०२२ ची पैसा पुरवण्याबद्दलची दुरुस्ती, निर्यातीची स्कोमेट यादी जिच्यात जंतू आणि विषांचा वेगळा विभाग आहे, आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये, म्हणजे अशा मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात, भारताचा प्रवेश. ज्यांच्या घरात कोणी कस्टम्समध्ये, मुरगाव बंदरात किंवा औषध निर्यातीत आहे त्यांनी स्कोमेट यादी त्यांच्यासोबत बसून समजून घ्या, कागदावरचा कायदा कामाच्या टेबलावर कसा दिसतो ते त्यांना विचारा.

बसायचं कुठे, करायचं कसं

पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बसायला शांत जागा आहे. संयुक्त राष्ट्रांचे करारविषयक कागद, लोकसभेचे जुने समिती अहवाल, आफ्रिकेतल्या साक्षी हे सगळं घरून मोबाइलवर उघडतं, फक्त प्रिंट काढून वाचा, स्क्रीनवर तारखा डोक्यात राहत नाहीत. इंग्रजी जड जात असेल तर दोघांनी वाटून घ्या, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याला मराठीत सांगायचं, सांगताना जे अडतं तिथे समजलेलं नसतं.

पळून आलेल्या माणसांच्या मुलाखती आणि आठवणी जपून वापरा. पासेच्निकनंतर १९९२ मध्ये केन अलिबेक अमेरिकेत आला, बायोप्रेपराटमधला वरचा अधिकारी, त्याने खूप सांगितलं आणि त्यातलं बरंच महत्त्वाचं आहे, पण नव्या देशात आलेल्या माणसाला आपली किंमत वाढवायची असते हेही ध्यानात असू द्या. वहीत अशा प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा आणि दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहून दुजोरा मिळाला की ती खूण खोडा. कोरियन युद्धात अमेरिकेने जैविक अस्त्रं वापरली या १९५२ च्या आरोपांवर तर अजूनही वाद चालू आहे, तिथे दोन्ही बाजूंचे कागद लिहून खूण तशीच राहू द्या.

मायक्रोबायोलॉजी शिकवणारे कोणी हे वाचत असतील तर वर्षातून एक तास यासाठी काढा. शास्त्रज्ञांच्या आचारसंहितेसाठी २०२१ ची टियानजिन मार्गदर्शक तत्त्वं आहेत, छोटी आहेत, त्यांच्यावर मुलांना आपल्या प्रयोगशाळेसाठी एक पान लिहायला सांगा, कल्चर कोण मागू शकतं, नोंद कोण करतं, शंका आली तर कुणाला सांगायचं. प्रोजेक्ट कोस्टच्या साक्षी वाचून झाल्यावर हे पान लिहून घेतलं तर ते नुसतं फॉर्म भरल्यासारखं होत नाही.

आणि चालू घडामोडींकडे लक्ष ठेवा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये नवव्या आढावा परिषदेने करार मजबूत करण्यासाठी कार्यगट नेमला आणि दहावी परिषद जास्तीत जास्त २०२७ पर्यंत व्हायची ठरली. कार्यगटापुढे आलेले देशांचे कागद जिनिव्हाच्या संकेतस्थळावर खुले असतात. भारताने काय मांडलं ते काढून वाचा, तपासणीबद्दल, मदतीबद्दल, आपण काय म्हणतोय, आणि ते पटतंय का हे दोन पानांत मराठीत लिहून आपल्या खासदाराला पाठवा, एक प्रत जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालाकडे द्या.